सेमरखेडीचा उतार

भोपाळ,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय स्वरदा,

आशीर्वाद. तुझं नाव लिहून पेन तसंच टेकवून बसलो होतो, म्हणून इथे शाई पसरली आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि मोबाइलवर लिहिलेलं माझं मलाच ऑफिसच्या सूचनेसारखं वाटतं, म्हणून पोस्टाने लिहितोय. कोटागिरीचा पत्ता आईने दिला. देताना तिने काही विचारलं नाही.

इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याला आता पट्टा लागतो, तरी बिट्टन मार्केटच्या हाटाला ती स्वतःच जाते. मी आणलेली भेंडी तिला नेहमी जून निघते. सीताफळं आली आहेत. दिवाळीला तू येणार नाहीस असं तिने सांगितलं. मी फक्त बरं म्हटलं.

माझी नोकरी आता मार्चपर्यंतच. एम. पी. नगरच्या ऑफिसात माझ्याकडे मुख्यतः वनमित्र योजनाच उरली आहे. तुला ठाऊक आहेच, कर्मचारी पगारातून दर महिन्याला थोडे पैसे देतात, कंपनी त्यात तेवढेच घालते, आणि ते सेमरखेडीच्या उतारावरच्या जंगलासाठी जातात. देणाऱ्या प्रत्येकाला एक प्रमाणपत्र, त्यावर त्याच्या झाडाचा क्रमांक आणि नाव. या योजनेवरून तीन वर्षांपूर्वी आपल्या घरात जे झालं ते मी उगाळत नाही. तू अहवाल लिहिला होतास, मला तो वाचायला वेळ मिळाला नव्हता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्या रिसेप्शनवर मंजूषाताई आहेत. त्यांचे यजमान मनोहर आमच्याच कारखान्यात फिटर होते, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. योजना सुरू झाल्यापासून मंजूषाताई त्यांच्या नावाने देतात, एकही महिना चुकलेला नाही. प्रमाणपत्रावर मोहाचं झाड लिहिलेलं आहे. ते प्लास्टिकमध्ये घालून त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. पंधरा नोव्हेंबरला मनोहरचा वाढदिवस असतो. त्या दिवशी त्यांना झाड बघायचं आहे. मला नाही म्हणता आलं नाही.

तर एक माहिती हवी होती. मोहाचं झाड साधारण तीन वर्षांत केवढं होतं? माणसाएवढं? कमरेएवढं? आणि त्याच्यासारखं दिसणारं, पण लवकर वाढणारं एखादं झाड असतं का?

दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे. तब्येतीला जप. तिकडे थंडी असेल.

बाबा


भोपाळ,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्वरदा,

तुझं उत्तर आलं नाही. बरं झालं. आलं असतं तर मी त्याचा वाईट उपयोग केला असता.

मागच्या पत्रातला माझा प्रश्न सरळ नव्हता. मनोहरचं झाड नाही. आम्ही लावलेली बहुतेक सगळी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. वार्षिक अहवालात लावण्याच्या दिवशीचे फोटो दर वर्षी नव्याने छापले गेले, ते मीच निवडून दिले होते. मंजूषाताईंना दाखवायला मला एक झाड हवं होतं. तुझ्याकडून काही कळलं नाही तेव्हा मी ठेकेदाराला फोन केला आणि म्हटलं, रस्त्यालगत जे काही जिवंत असेल त्याला मनोहरच्या नावाची पाटी लाव. तो म्हणाला, "हो जाएगा सर."

काल सकाळी आम्ही निघालो. मंजूषाताई, मी आणि ऑफिसची गाडी. त्यांनी घरून बेसनाचे लाडू केले होते, मनोहरला आवडायचे म्हणून. रायसेनचा रस्ता सोडून आत वळल्यावर त्यांनी पदर सारखा केला, केस सारखे केले. भेटायला निघालेल्या माणसाने करावेत तसे.

गावची फूलवतीबाई वाटेतच उभी होती. सेमरखेडीच्या वन समितीची ती प्रमुख. पन्नाशीची, काटक, कमरेला विळा. पाटी लावलेलं झाड रस्त्यालगतच होतं. मंजूषाताईंनी खोडाला हात लावला. मग पाटीकडे पाहिलं. पाटी कोरी करकरीत, तिच्यावरचा कागदसुद्धा नीट निघाला नव्हता. त्या वर पाहत म्हणाल्या, "साहेब, सर्टिफिकेटवर मोह लिहिलंय. हा तर कडुनिंब आहे."

मी म्हणणार होतो की लिहिताना चूक झाली असेल. ते वाक्य तयार होतं. पण फूलवतीबाई आधी बोलली. तिला आमचं मराठी कळलं नव्हतं, ती आपली सहज सांगत होती.

"ये नीम तो हमारे स्कूलवालों ने लगाया है, बाई. आपवाले तो पहली गरमी में ही मर गए थे. वो देखो."

पलीकडे उतारावर आमच्या ओळी होत्या. सरळ, मोजून मारलेल्या. खड्डे, काठ्या, काही काठ्यांना अजून पाट्या. मधली जमीन जेसीबीने खरवडलेली, तिच्यावर तीन पावसाळ्यांनंतरही घाणेरी आणि दगड यांशिवाय काही नव्हतं.

मंजूषाताई माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या हळू म्हणाल्या, "मी दर महिन्याला त्यांच्या फोटोपुढे सांगायचे, तुमचं झाड वाढतंय म्हणून."

मी म्हटलं, "मला माहीत होतं, मंजूषाताई. झाड नाहीये."

त्या खाली बसल्या. लाडवाचा डबा मांडीवर. मी उभाच राहिलो, बसायचीही लाज वाटत होती. फूलवतीबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मंजूषाताईंच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आणि म्हणाली, "इतनी दूर आई हो तो खाली हाथ मत जाओ. चलो, उधर चलो."

स्वरदा, आता जे लिहितोय ते तुला नवीन नसेल. मला होतं.

त्याच उताराची दुसरी बाजू. मध्ये फक्त एक नाला. नाला ओलांडला आणि आधी काय जाणवलं असेल तर गारवा. मग गवत, माझ्या छातीइतकं, सोनेरी पडत चाललेलं, आणि त्यातून वर आलेली झाडं. साग, तेंदू, धावडा, ऐन, आवळा. माझ्या डोक्यावरून हात-दोन हात उंच, काही त्याहून उंच. सागाची पानं सुपाएवढी. कोळ्यांची जाळी दोन झाडांच्या मध्ये ताणलेली, त्यांवर दव अजून तसंच. पक्ष्यांचे इतके आवाज की कुठला कोणाचा ते कळत नव्हतं. मी भोपाळमध्ये जन्मलो. साठ वर्षं इथे राहिलो. शहरापासून दीड तासावर मी माझ्या डोळ्यांनी पहिल्यांदा जंगल उगवताना पाहिलं.

मंजूषाताईंनी विचारलं, "ये किसने लगाए?"

"किसी ने नहीं," फूलवतीबाई म्हणाली.

तिने गुडघ्यावर बसून एका वीतभर रोपाभोवतीची माती विळ्याने उकरली. तेंदूचं रोप, चार पानं. खाली जे मूळ निघालं ते माझ्या मांडीएवढं जाड होतं, काळं, गाठीगाठींचं. ते खाली कुठवर गेलं होतं ते दिसेना. "हर साल ऊपर आता था, हर साल गाय खा जाती थी, आग लग जाती थी. ये फिर आता था. ऊपर से बच्चा है, नीचे से मेरी दादी से बड़ा."

मी त्या मुळाला हात लावला. थंड आणि ओलसर होतं. माझ्या आईवडिलांनी नागपूर सोडून इथे बिऱ्हाड मांडलं त्याच्याही आधीपासून ते तिथे होतं. तिथल्या तिथे, अंधारात, जगत. नाल्याच्या अलीकडे आम्ही ज्यांच्यावर झुडपं समजून जेसीबी चालवला, ती हीच होती.

या बाजूला बायकांनी काय केलं? गुरं आत सोडली नाहीत. गवत विळ्याने कापून डोक्यावरून घरी नेलं. होळीच्या आधी काठाने पाला झाडून जाळरेषा काढली, म्हणजे पलीकडची आग आत येऊ नये. पाळी लावून राखण केली. आणखी काही नाही.

नाल्यात पाणी वाहत होतं. पूर्वी दिवाळीला आटायचा, आता होळीपर्यंत टिकतो म्हणे. काठच्या चिखलाशी फूलवतीबाई थबकली आणि आम्हाला हाताने थांबवलं. चिखलात एक पाऊल उमटलं होतं. तिने नाव घेतलं नाही, नुसतं म्हणाली, "परसों निकला है."

मंजूषाताई उकिडव्या बसल्या आणि त्यांनी आपला पंजा त्या पावलाशेजारी, न टेकवता, धरला. पाऊल मोठं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. रडून सुजलेले डोळे आणि उघडं राहिलेलं तोंड. मला वाटतं माझाही चेहरा तसाच असेल. वाघ तिथून चालत गेला होता, आणि आम्ही तिघं त्याच वाटेवर बसलो होतो.

परत येताना मी फूलवतीबाईला विचारलं, हीच बाजू कशी वाचली? ती म्हणाली, मशीन येणार होतं त्याच्या दोन महिने आधी एक बिटिया आली होती. दुबली, चश्मेवाली. तीन दिवस त्यांच्याकडे राहिली, जमीन उकरून सगळ्या बायकांना मुळं दाखवली. जाताना म्हणाली, मी वर लिहून देतेय, पण मशीन आलंच तर निदान एक बाजू तरी वाचवा. मशीन आलं तेव्हा बाया नाल्याच्या काठाने ओळीने बसल्या.

माझ्या फायलीत त्या दिवसापुढे 'स्थानिक अडथळा' असं लिहिलेलं आहे.

"आप जानते हो उसको?" तिने विचारलं. मी गाडीकडे चालत राहिलो.

मंजूषाताईंनी लाडू फूलवतीबाईच्या घरी दिले. गाडीत त्या पूर्ण रस्ता खिडकीबाहेर पाहत होत्या. उतरताना म्हणाल्या, "साहेब, हे तुम्ही सगळ्यांना सांगणार की मी सांगू?"

मी सांगेन म्हटलंय. कसं ते अजून ठरत नाही.

तुझा अहवाल तेव्हा वाचायला हवा होता, एवढंच लिहितो.

बाबा


भोपाळ,
१८ जानेवारी २०२६

प्रिय स्वरदा,

मागच्या पत्राची शेवटची ओळ खोटी आहे. ती दुरुस्त करायला हे पत्र लिहितोय. दोन महिने लागले.

डिसेंबरात मी एकटाच सेमरखेडीला गेलो. बसने. जायचं काही कारण नव्हतं, ते जंगल पुन्हा बघायचं होतं, एवढंच. पाऊलवाटेला लागलो तर अंगावर काटा आला, भीतीने नाही. सागाची पानं तांबूस व्हायला लागली होती. एका जुन्या खुंटाला सहा फुटवे आलेले मी मोजले. या वयात मी खुंटापाशी उभा राहून मोजतोय, याचंही मला नवल वाटलं.

फूलवतीबाई गवत कापत होती. मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं, "वो चश्मेवाली मेरी बेटी है."

तिने विळा खाली ठेवला. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "तो फिर मशीन आपने क्यों भेजी? बिटिया ने बताया नहीं था?"

"बताया था."

"तो आपको पता था."

"पता था," मी म्हटलं.

इतकंच. ती पुन्हा कापायला लागली. मी उभा होतो. पहिल्यांदाच तोंडातून बाहेर आलं होतं, आणि ज्या माणसापुढे आलं त्याच्याशी माझं काही नातंही नव्हतं.

स्वरदा, तू अहवाल दिलास त्याच संध्याकाळी मी तो वाचला होता. बारा पानं. दोनदा वाचला. सातव्या पानावर तू मुळांचं चित्र काढलं होतंस आणि शेजारी लिहिलं होतंस की खरवडलं तर हे परत येणार नाही. मला ते समजलं होतं. मी इंजिनियर आहे, इतकं कळायला फार लागत नाही. पण आमचे डायरेक्टर गौरांगसाहेब यांनी रोपं लावण्याचा समारंभ ठरवला होता, पाहुणे ठरले होते, पाट्या छापून आल्या होत्या, आणि योजनेचा प्रमुख म्हणून माझं नाव पहिल्यांदाच कशावर तरी येणार होतं. काही न लावता जंगल येतं, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी विचारलं, "नीळकंठजी, मुलीने काही लिहून दिलंय म्हणे?" मी म्हटलं, "कॉलेजचं काम आहे सर, पुस्तकी आहे."

आणि तू विचारलंस तेव्हा म्हटलं, वेळ मिळाला नाही.

तू घर सोडलंस ते बापाने तुझं काम उघडूनही पाहिलं नाही म्हणून. मी तुला तसंच समजू दिलं, कारण खरं याहून वाईट होतं. तुझ्या आईलाही मी काल सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि निवडत राहिली. रात्री जेवायला वाढलं. आज सकाळी म्हणाली, "हे तिला लिहा."

ऑफिसचं सांगतो. दोन जानेवारीला सगळ्या देणगीदारांची सभा बोलावली. गौरांगसाहेब आधी म्हणाले, वार्षिक अहवाल छापायला गेलाय, दुरुस्ती पुढच्या वर्षी करू. मी म्हटलं, मग मी ही सभा कँटीनमध्ये घेतो. शेवटी ते स्वतःही आले. मी मेलेल्या ओळींचे फोटो दाखवले, मग नाल्यापलीकडचे. तुझा अहवाल तुझ्या नावासकट वाचून दाखवला, आणि तो मी कधी वाचला होता तेही सांगितलं. मागून एक जण ओरडला, "हमारे नाम के पेड़ थे साब."

बऱ्याच जणांनी देणं बंद केलं. त्यांचा हक्क आहे. पण मंजूषाताई उठल्या आणि म्हणाल्या, "माझं चालू ठेवा. फक्त पाटी नको." मग आणखी काही जणांनी तसं सांगितलं. आता पैसे थेट सेमरखेडीच्या समितीकडे जातील, राखणीच्या पाळीसाठी आणि जाळरेषेसाठी. कुठल्याही झाडावर कोणाचंही नाव असणार नाही. आमच्या खरवडलेल्या भागाचं काय करायचं, हे कोणालाच माहीत नाही. फूलवतीबाई म्हणते, काही मुळं खोल असतील, थांबून बघू.

योजना माझ्याकडून काढून घेतली, मंजूषाताईंकडे दिली. योग्य झालं. त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी त्याहून जास्त मागत नाही. मागच्या शनिवारी जाळरेषेच्या कामाला कंपनीतले अकरा जण गेले होते, मीही त्यांत होतो. दिवसभर काठाने पाला झाडला. पाठ धरली आहे. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा पलीकडून चितळांचा कळप नाला ओलांडून आला, अगदी समोर. बत्तीस वर्षं बिजलीच्या पॅनलवर काम केलेला आमचा फोरमन हातात पोळी धरून तसाच बसून राहिला. कोणी हललं नाही. ती जनावरं फुटव्यांमधून वर चढत गेली आणि दिसेनाशी झाली, आणि मला एकच वाटत होतं की हे तू नाल्याच्या कोरड्या दगडांवर उभी राहून, एकही झाड उभं नसताना, पाहिलं होतंस. चोविसाव्या वर्षी. मुळं बघून.

माझ्या पोटी असं माणूस आलं, याचा मला आजवर अभिमान वाटत होता असं मी लोकांना सांगायचो. अभिमान नव्हता, सवय होती. आता वाटतं ते वेगळं आहे. त्याला शब्द सापडत नाही. त्या वाघाच्या पावलाशी बसलो होतो तेव्हा जसं वाटलं, तसं काहीसं.

गौरांगसाहेब तुला सल्लागार म्हणून बोलावणारं पत्र पाठवतील. माझ्याकडे बघून हो म्हणू नकोस, माझ्याकडे बघून नाहीही म्हणू नकोस. फूलवतीबाई मात्र विचारते, बिटिया कब आएगी. तिला मी तुझ्या वतीने काहीही सांगितलेलं नाही.

'उत्तर दिलं नाहीस तरी चालेल' असं लिहून पत्र संपवणार होतो. पण तुला आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

चालणार नाही. वाट पाहतोय.

बाबा